खासनीसकाकांचं कुलूप

खासनीसकाका आपल्या जेवणाच्या डब्याला कुलूप लावत. पितळेचं, बोटाच्या पेराएवढं कुलूप. त्याची किल्ली जानव्याला बांधलेली असे, त्यामुळे दुपारी एक वाजता काकांना जेवायचं म्हटलं की आधी शर्टाची दोन बटणं काढावी लागत. डबा कोणी पळवेल अशी भीती त्यांना मुळीच नव्हती. आत रोज दोन पोळ्या आणि बटाट्याच्या काचऱ्या असतात आणि शुक्रवारी जोडीला गुळाचा खडा असतो, हे गेटवरच्या दरवानापासून मालकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मी एकदा न राहवून विचारलंच, काका, हे कुलूप कशासाठी? त्यांनी कुलूप दाबून बंद केलं, ओढून पाहिलं, किल्ली आत सोडली, बटणं लावली आणि मग म्हणाले, "डब्यात काय आहे हे लोकांना माहीत असायची गरज काय?"

"गरज काय" हे त्यांचं पालुपद. ते रागानं म्हणत नसत. समोरच्याला खरोखर उत्तर विचारतोय अशा थाटात म्हणत, आणि उत्तर येईपर्यंत चष्म्यावरून बघत राहत.

आमची कंपनी कलकत्त्यात, गार्डन रीचच्या बाजूला, नदीपासून दोन गल्ल्या आत आहे. आम्ही जहाजांना लागणारे व्हॉल्व्ह बनवतो. माझी आई सगळ्यांना सांगते, आमची शुभा तोट्यांच्या कारखान्यात आहे. तसं म्हटलं तर तोट्याच, पण बऱ्याचशा लढाऊ जहाजांवर बसणाऱ्या. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक ड्रॉइंगवर लाल शिक्का असतो, आणि ते ड्रॉइंग ज्याला कामासाठी लागतं त्यालाच, लागतं तेवढंच आणि लागतं तेव्हाच दाखवायचं असा नियम असतो. नियम ऑफिसात सगळेच पाळत. पण संध्याकाळी बाकीची मंडळी तो तिथेच ठेवून घरी जात, काका तो पिशवीत घालून घरी नेत.

भवानीपुरात दोन खोल्यांत ते एकटे राहत. वाण्याला द्यायच्या यादीवर कोपऱ्यात "प्रत १ पैकी १" असं लिहीत आणि सामान घेतलं की यादी परत मागून घेत. इथे ऑटोत बसलं की कुठे उतरणार ते आधी सांगावं लागतं. ऑटोवाला विचारी, "कोथाय नामबेन?" काका म्हणत, "आगे चोलुन." पुढे म्हणजे कुठे, यावर रोज वाद होई, आणि शेवटी काका एक थांबा आधीच उतरून उरलेलं अंतर चालत जात. चार माणसांच्या ऑटोत अनोळखी लोकांसमोर आपला थांबा जाहीर करणं त्यांच्या जिवावर येई.

बंगाल्यांतही हे आडनाव असल्यामुळे ऑफिसात सगळे त्यांना खाशनोबिशबाबू म्हणत आणि नव्या माणसांना ते बंगालीच वाटत. काकांनी कधी कोणाचा गैरसमज दूर केला नाही. कोणी गाव विचारलं तर म्हणत, "इथलाच." ते खरंही होतं. त्यांचा जन्म कलकत्त्याचा, माझाही. आमच्यासारखी मोजकी मराठी घरं गणपतीत एकत्र येत, तिथेच मी काकांना पहिल्यांदा पाहिलं. त्या वर्षी मंडळानं मुलांचं नाटक बसवायचं काम त्यांच्यावर सोपवलं होतं. ते कोणी आणि का सोपवलं, हे मला अजून कळलेलं नाही.

मी नऊ वर्षांची होते आणि मला दुसऱ्या शिपायाचं काम होतं. काकांनी प्रत्येकाला एक घडी घातलेली चिठ्ठी दिली. तीत फक्त ज्याचे त्याचे संवाद. माझ्या चिठ्ठीत एकच वाक्य होतं, "महाराज, दार आतून बंद आहे." मी विचारलं, हे कधी म्हणायचं? राजा काय म्हणतो? काका म्हणाले, "राजाचे संवाद शिपायाला माहीत असायची गरज काय?" तालमीही त्यांनी एकेकाला आत बोलावून घेतल्या. नाटकाच्या दिवशी पडदा उघडला आणि पहिल्या शिपायानं शेवटचं वाक्य सर्वांत आधी म्हणून टाकलं. राणी भलत्याच वेळी रडली. मी "महाराज, दार आतून बंद आहे" हे चार वेळा म्हटलं, त्यातलं एकदा महाराज मेल्यावर. लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरले, आणि विंगेत काका तोंडावर बोट ठेवून शांतपणे उभे होते. नंतर माझ्या बाबांनी त्यांना छेडलं, तेव्हा ते म्हणाले, "काही म्हणा, नाटकाची गोष्ट आधी फुटली नाही."

बाबा गेल्यानंतर दोनेक वर्षांनी मी या कंपनीत कंप्युटरच्या कामासाठी लागले. पहिल्याच दिवशी काकांनी मला बाजूला घेतलं आणि बजावलं, की आमची घरची ओळख आहे हे ऑफिसात कोणाला कळता कामा नये. हे त्यांनी मराठीत, सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बजावलं. मराठी ही त्यांच्या दृष्टीनं सांकेतिक भाषा होती. तीत बोललं की भिंतीलाही कळत नाही अशी त्यांची समजूत होती, म्हणून एरवी कुजबुजणारा हा माणूस मराठीत मात्र मोकळ्या गळ्यानं बोले.

त्यांची खोली जिन्याखाली होती. सात लोखंडी कपाटं, एक टेबल आणि एक लांबलचक रजिस्टर. ड्रॉइंगची प्रत बाहेर गेली की रजिस्टरात नंबर, नेणाऱ्याचं नाव, तारीख, सही. परत आली की पुढच्या रकान्यात पुन्हा तारीख, आणि काकांची सही. तो पुढचा रकाना भरला की ती ओळ मिटली. काका कपाटं उघडत तेव्हा जुन्या निळ्या प्रतींचा एक आंबूस वास खोलीभर सुटे. आज ती खोली मीटिंगसाठी वापरतात, तिथे पांढरे दिवे आणि एक फिरती खुर्ची आहे. मी अजूनही आत गेले की आधी वास घेते.

त्या खोलीत रोज चार वाजता एक माणूस मातीच्या दोन कपांत चहा घेऊन येई. हाराधन माइती, आमचे ड्राफ्ट्समन. कंप्युटर आल्यानंतरही हाराधनबाबू पहिला आराखडा पेन्सिलीनं कागदावरच काढत. काका आणि ते जवळजवळ एकाच वेळी नोकरीला लागलेले. इतक्या वर्षांत त्यांनी एकमेकांना घरचं काही विचारलं असेल असं मला वाटत नाही. मातीचे ते दोन कप संपेपर्यंत दोघं समोरासमोर बसत, अधूनमधून एखाद्या जुन्या ड्रॉइंगचा नंबर निघे, आणि दोघं मान डोलावत. चहा संपला की हाराधनबाबू म्हणत, "आशि, दादा," आणि जात. काकांचा दिवस त्या अर्ध्या तासावर टांगलेला असे. एखाद्या दिवशी चारचे सव्वाचार झाले तर ते रजिस्टर उलटसुलट करत राहत.

एकदा हाराधनबाबू समोर बसलेले असतानाच काका मला मराठीत म्हणाले, की ह्याला सांगू नकोस, पण ह्याच्यासारखं ड्रॉइंग अख्ख्या कलकत्त्यात कोणी काढत नाही. हाराधनबाबूंनी मान वर केली नाही, पण त्यांचे कान लाल झाले. नंतर जिन्यात त्यांनी मला गाठलं आणि बंगालीत हळूच सांगितलं, की मला तुमचं सगळं बोलणं कळतं, वीस वर्षं दादांना फोनवर मराठीत बोलताना ऐकत आलोय, पण दादांना सांगू नका, ते मग बोलणंच बंद करतील. मी ते गुपित राखलं. त्या खोलीत मग आम्ही तिघं मजेत होतो.

पुढे हाराधनबाबू बारीक व्हायला लागले. शर्ट खांद्यावरून उतरायचा. काकांच्या ते माझ्याआधी लक्षात आलं होतं. एका दुपारी हाराधनबाबू पेन्सिलीला टोक करत होते, तेव्हा काका मला मराठीत म्हणाले, "हाराधन फार वाळलाय गं." मी म्हटलं, मग विचारा ना त्यांना. काका म्हणाले, "सांगावंसं वाटलं तर सांगेल. आपल्याला विचारायची गरज काय?" हाराधनबाबूंनी ते ऐकलं. ते टोक करत राहिले, पेन्सिल बरीच छोटी होईपर्यंत.

महिन्याभरात ते रजेवर गेले आणि परत आले नाहीत. ते गेल्याची बातमी आली त्या दिवशी काका चार वाजता खोलीत बसून होते, दार उघडं ठेवून.

आम्ही दोघं बेहाल्याला त्यांच्या घरी गेलो. मुलगी शाळेत शिकवते, तिनं आम्हांला बसवलं, पाणी दिलं. आजार वर्षभराचा होता, ती म्हणाली. काकांनी मान खाली घातली होती. मीच विचारलं, की ऑफिसात कोणाला काही बोलले कसे नाहीत. तेव्हा ती संकोचून म्हणाली, "बाबा म्हणायचे, दादांना सांगायचं नाही. त्यांना विचारता येत नाही, आणि आपण होऊन सांगितलं तर त्यांना झोप लागणार नाही." मग आत जाऊन तिनं एक लांब पुठ्ठ्याची नळी आणली. ऑफिसचं एक ड्रॉइंग घरी राहिलंय, तेवढं परत द्या असं बाबांनी बजावून ठेवलं होतं, असं ती म्हणाली. काकांनी नळी काखेत धरली. परतीच्या वाटेवर ती त्यांनी एकदाही खाली ठेवली नाही, आणि मीही काही विचारलं नाही.

त्यानंतर दीडेक वर्षानं आमच्याकडे क्लाउड आला.

म्हणजे झालं असं, की ज्यांच्यासाठी आम्ही व्हॉल्व्ह बनवतो त्यांनी कळवलं, यापुढे ड्रॉइंग साध्या ई-मेलनं ये-जा करणार नाहीत. सगळे कागद, पत्रं, तपासणीचे दाखले एका बंदिस्त प्रणालीत ठेवायचे. माहिती देशाबाहेर जाता कामा नये, प्रत्येकाचं वेगळं खातं, आत जाताना पासवर्ड आणि वर फोनवर येणारा आकडा, कोणी काय उघडलं याची कायमची नोंद. सहा महिन्यांनी ऑडिट होईल. त्यात पास झालात तर पुढचं काम, नाहीतर दुसऱ्याला. आमच्या नव्वद माणसांचं पोट त्या कामावर आहे. आमचे धाकटे मालक, ज्यांना सगळे छोटोबाबू म्हणतात, त्यांनी प्रणाली बसवायचं काम माझ्याकडे दिलं, आणि काकांची समजूत घालायचं कामही माझ्याकडेच दिलं. दुसरं काम अवघड होतं.

काका म्हणाले, सात कपाटं डोळ्यांसमोर आहेत, किल्ल्या कमरेला आहेत, आणि तू म्हणतेस ते ढगात ठेवू. मी पुष्कळ समजावलं. शेवटी सेक्टर फाइव्हमधल्या कंप्युटर कंपनीतून ती प्रणाली विकणारा माणूस आला, टाय वगैरे लावून. काकांनी त्याची तासभर उलटतपासणी घेतली. आमचे कागद नक्की कुठल्या इमारतीत राहणार? त्या इमारतीच्या किल्ल्या कोणाकडे? रात्रपाळीला कोण असतं? तो बिचारा घामाघूम होऊन शेवटी म्हणाला, की माफ करा, सुरक्षेच्या कारणास्तव हे मला सांगता येणार नाही. मी डोळे मिटून घेतले. काका खुर्चीत मागे टेकले, त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं समाधान पसरलं, आणि ते मला मराठीत म्हणाले, "माणूस योग्य आहे. सांगत नाही."

त्या दिवसापासून ते त्या प्रणालीच्या प्रेमात पडले. दहा मिनिटं हात लावला नाही तर ती आपोआप बाहेर काढते, हे पाहून ते हरखले. प्रत्येक फाइलला ती विचारते, हे कोणाकोणाला दिसावं? काका म्हणाले, आयुष्यभर मी हेच विचारत आलो, आता कोणीतरी माझ्यासारखं भेटलं. फोनवर आकडा आला की ते भिंतीकडे तोंड करून वाचत. दर तीन महिन्यांनी ती प्रत्येक नाव पुढे करून विचारते, या व्यक्तीला अजून परवानगीची गरज आहे का? तिच्या तोंडी आपलंच पालुपद ऐकून त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी त्या दिवशी मला गूळ देऊ केला.

कोणाला खातं द्यायचं याची यादी काकांनी रजिस्टरवरून स्वतः केली. ज्याच्या नावावर एकतरी कागद बाहेर आहे, त्याला खातं. ती खाती उघडायचा अधिकारही त्यांनी छोटोबाबूंकडून स्वतःकडे मागून घेतला. मी म्हटलं, मला यादी एकदा नजरेखालून घालू द्या. उत्तर काय आलं ते सांगायला नकोच.

याच सुमारास माझ्या आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. मंगळवारी आणि शुक्रवारी तिला व्यायामासाठी न्यावं लागे, म्हणून मी साडेतीनला निघत असे. लवकर जायचं तर गेटपासवर काकांची सही लागे. कारणाच्या रकान्यात ते मी तोंड उघडायच्या आत "वैयक्तिक" असं लिहून टाकत आणि पास माझ्याकडे सरकवत. माझ्या आईच्या हातच्या पुरणपोळ्या त्यांनी पंचवीस वर्षं खाल्ल्या होत्या. तिला काय झालंय हे मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं, त्यांनाही असणारच. मला त्यांचा राग येई. खरं सांगायचं तर रागापेक्षा वाईट जास्त वाटे. एकदा, एकदाच जर त्यांनी विचारलं असतं तर मी तिथेच बसून रडले असते, आणि मला तेवढंच हवं होतं.

ऑडिटला बंगळूरहून एक बाई आल्या. पांढरे केस, पांढरी साडी, आवाज हळू. दोन दिवस त्यांनी सगळं बारकाईनं पाहिलं आणि आमचं सगळं बरोबर निघालं. काकांनी केलेल्या फाइलींच्या वर्गवारीचं त्यांनी कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचं काम उरलं होतं, खातेदारांच्या यादीवरून नजर फिरवणं. त्या एकेका नावावर थांबत, आम्ही त्या माणसाला बोलावत, तो आपला फोन दाखवी आणि जाई. असं करत त्या एका नावाशी आल्या. हे खातं चालू आहे, त्या हिंदीत म्हणाल्या, पण एकदाही उघडलेलं नाही. फोनसुद्धा जोडलेला नाही. हाराधन माइती कोण?

खोलीत मी, छोटोबाबू आणि काका होतो. मेलेल्या माणसाच्या नावानं उघडं खातं, याहून मोठी चूक त्या कामात नाही. त्यासाठी कामं गेलेली आहेत. छोटोबाबू पटकन म्हणाले, लांबच्या रजेवर असतील. बाईंनी मान हलवली आणि त्या पुढच्या नावाकडे वळूही लागल्या. काकांनी फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं हे तर त्यांचं आयुष्यभराचं काम.

काका उठून उभे राहिले. म्हणाले, "नहीं मॅडम. वो गुज़र गए हैं. ये आपको मालूम होना ज़रूरी है."

मग ते खालच्या खोलीत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या काखेत ती पुठ्ठ्याची नळी होती आणि हातात रजिस्टर. त्यांनी एक पान उघडून बाईंसमोर ठेवलं. ड्रॉइंगचा नंबर, प्रत तीन, हाराधन माइतींची ती बारीक तिरपी सही. पुढचा रकाना कोरा. त्यांनी समजावलं, की यादी रजिस्टरवरून केली, रजिस्टरात या माणसाची ओळ अजून उघडी होती, म्हणून त्याला खातं मिळालं. बाईंनी नळीकडे पाहिलं. हे परत कधी आलं? काकांनी सांगितलं, तो वारला त्याच आठवड्यात. बाईंनी पडद्यावर काहीतरी पाहिलं आणि म्हणाल्या, प्रणालीनं तुम्हाला दोनदा विचारलंय, या व्यक्तीला अजून गरज आहे का. तुम्ही दोनदा हो म्हटलंय.

"हो," काका म्हणाले. "दोनदा."

कागद परत आला होता, मग नोंद का केली नाही, हा त्यांचा प्रश्न साधाच होता. काकांनी तोंड उघडलं आणि त्यांना हिंदी सुचेना. ते मराठीतच बोलले, माझ्याकडे न बघता.

"नोंद केली असती तर त्याची ओळ मिटली असती. तो वाळत चालला होता, मला दिसत होतं. मी विचारलं नाही. निदान कागद बाहेर आहे म्हटल्यावर तो परत करायला येईल, असं काहीतरी वाटत राहिलं. चारला."

ते मी बाईंना हिंदीत सांगितलं. छोटोबाबू खिडकीबाहेर बघत होते. बाईंनी रजिस्टर जवळ ओढून ती सही नीट पाहिली. मग म्हणाल्या, की अशी खाती मला पुष्कळ ठिकाणी सापडतात, आणि प्रत्येक ठिकाणी मशीनची चूक म्हणून सांगतात. चूक माझी आहे असं सांगणारे तुम्ही पहिले. त्यांनी लिहिलं, की त्रुटी मोठी आहे, पण खातं कधी वापरलं गेलेलं नाही आणि ती जबाबदार माणसानं स्वतः उघड केली आहे. खातं आत्ता माझ्यासमोर बंद करा, आठवड्यात लेखी अहवाल द्या, आणि यादी यापुढे दोघांनी तपासायची. मग दाखला मिळेल.

काका माझ्या शेजारी बसले. त्यांनी हाराधन माइती या नावावर बाण नेला. प्रणालीनं कारण मागितलं आणि पर्याय दाखवले: राजीनामा, बदली, निवृत्ती, इतर. काकांनी "इतर" निवडलं. खाली एक चौकोन उघडला. त्यात त्यांनी एका बोटानं, सावकाश, एवढंच लिहिलं, "ड्रॉइंग परत मिळालं." मग रजिस्टर ओढून घेतलं, कोऱ्या रकान्यात दोन वर्षांपूर्वीची तारीख नाही, त्या दिवसाची तारीख घातली आणि सही केली.

दाखला मिळाला, काम राहिलं, नव्वद माणसं राहिली. पुढच्या वर्षी काका निवृत्त झाले. पण मला सांगायचंय ते त्याच आठवड्यातल्या शुक्रवारचं.

साडेतीनला मी गेटपास घेऊन त्यांच्या खोलीत गेले. नेहमीसारखा तो टेबलावर ठेवला आणि उभी राहिले. त्यांनी पेन उघडलं, कारणाच्या रकान्यापर्यंत नेलं आणि तिथेच थांबले.

"आई कशी आहे?"

मला अशा प्रश्नाची इतकी सवय नव्हती, की मी आपली म्हणून गेले, बरी आहे.

काकांनी पेनाला टोपण लावलं. "बरी म्हणजे कशी? हात उचलते का? जेवण कोणाच्या हातानं? तुझ्याशी बोलते का? नीट सांग, शुभा. मला माहीत असायची गरज आहे."

मी त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसले, हाराधनबाबूंच्या, आणि सगळं सांगितलं. आईला चमचा हा शब्द आठवत नाही आणि ती चिडते, ते सांगितलं. तिला उचलताना माझी पाठ भरून येते, ते सांगितलं. ती मला कधीकधी तिच्या बहिणीच्या नावानं हाक मारते, आणि मी ओ देते, हेही सांगितलं. रडलेही पुष्कळ. मध्येच काकांनी शर्टाची दोन बटणं काढली, डब्याचं कुलूप उघडलं आणि जेवणातून राखून ठेवलेला गुळाचा खडा माझ्यासमोर ठेवला. चार वाजून गेले तरी आम्ही बसून होतो.

मग ते उठले, पिशवी घेतली आणि म्हणाले, चल, मीही येतो. गेटपासवर त्यांनी दोन नावं घातली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "वहिनींना भेटायला."

बाहेर ऑटो मिळाला. आधीच दोघं बसलेले होते, आम्ही मागे सरकून बसलो. ऑटोवाल्यानं मान वळवून विचारलं, "कोथाय नामबेन?" मी तोंड उघडायच्या आधी काका बोलले. मोठ्यानं, अख्ख्या ऑटोला ऐकू जाईल अशा आवाजात, स्वच्छ बंगालीत, त्यांनी आमच्या घराचा सगळा पत्ता सांगितला, गल्ली, कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान आणि दुसरा मजला, डावीकडचं दार.